आरशासारखं रक्त

"उपाशी पोटी या." मिरजेतल्या एका लॅबच्या खिडकीतून हे मी छत्तीस वर्षं सांगत आले आणि छत्तीस वर्षं लोक चहा पिऊन, वर एखादी खारी बुडवून खाऊन, तोंड पुसून येत राहिले. "नुसता अर्धा कप होता हो ताई." तो अर्धा कप किती मोठा असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर कुणाच्या पोटात काय आहे याची चौकशी करायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात डॉ. अनघाचा फोन आला.

अनघा शिकाऊ डॉक्टर असताना माझ्या हाताखाली शीर शोधायला शिकली. तेव्हा तिचे हात थरथरायचे. आता ती मोठी संशोधक झाली आहे आणि हात थरथरायची पाळी माझी आली आहे. पित्ताशयात खडे कुणाला होतात, त्यांच्या रक्तातली चरबी काय सांगते आणि जनुकांमधले बारीकसारीक फरक काय सांगतात, असं तिचं काम. त्यासाठी तिने नंदुरबार जिल्हा निवडला होता. खाली शहाद्याच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली राजस्थानी व्यापारी कुटुंबं, वर सातपुड्यात डोंगरातली माणसं. रक्त आणि खाणंपिणं वेगवेगळं, जिल्हा एक. "शैलाताई, पहिल्या टोचणीत शीर सापडणारा हात हवाय," ती म्हणाली. स्तुती केली की मी कुठेही जाते.

शिवाय या विषयाशी माझं घरचं नातं होतं. चार वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. सर्जनने अकरा खडे एका छोट्या बाटलीत घालून हातात दिले, ते अजून माझ्या कपाटात आहेत. तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण सफरचंदांबरोबर एकच वाक्य घेऊन आला: "मिसळ भोवली." माझं कोलेस्टेरॉलही तेव्हा चढलेलं होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. रक्त खराब म्हणून खडे झाले. रक्त चांगलं असतं तर झाले नसते. हा हिशेब मी मनात घट्ट बांधून नंदुरबारला गेले, आणि पुढचं सगळं त्या गाठीमुळेच घडलं.

शहादा

चैत्र होता. स्टेशनवर गाडी घेऊन आलेले भटूदादा पुढचे दोन आठवडे आमचे सारथी होते. रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागांवर मोसमातली शेवटची मिरची वाळत पडली होती. खिडकी उघडी ठेवायचा हट्ट मी केला आणि पहिल्या पाच मिनिटांत शिंकून शिंकून बेजार झाले.

"ताई, काच लाई ल्या," भटूदादा शांतपणे म्हणाले. "ऊन बी वाढी ऱ्हायनं. पानी पेत ऱ्हा."

दुपारी शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जेवलो. आमच्याकडे तिखट म्हटलं की तांबडा रस्सा, आणि त्याची मला फार घमेंड. शेवभाजीचा तिसरा घास घेतला आणि घमेंड उतरली. अनघाने माझ्यापुढे ताकाचा ग्लास सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून व्यापारी घरांतून काम सुरू झालं, आणि मला एक सुखद धक्का बसला. आयुष्यात पहिल्यांदा मला न सांगता उपाशी असलेली माणसं भेटली. यातली बरीच घरं जैन. सूर्य मावळला की अन्न नाही, कित्येक घरांत पाणीही नाही. सकाळी आम्ही दारात उभ्या, तोवर त्यांचे बारा तास आपोआप भरलेले. कुणी अर्ध्या कपाची गोष्ट सांगितली नाही. मला तर त्या सगळ्यांना मिरजेला घेऊन जावंसं वाटलं.

त्यातच कापड दुकानाच्या वर राहणारं सरोजचं घर होतं. सरोज पंचेचाळिशीची, काटकुळी, हसरी. घरावर सत्ता तिच्या सासूची. सगळे त्यांना मांजी म्हणत. मांजींचं वय पंचाहत्तरीच्या आसपास, पण पाठ ताठ. सरोजचं वर्षीतप चालू होतं. मला ते ठाऊक नव्हतं, मांजींनी समजावून सांगितलं. एक दिवस उपास, त्यात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडीच. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपास. असे तेरा महिने. शेवट अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं करून.

"तीन हफ्ते राहिलेत," मांजी म्हणाल्या. "आमच्या खानदानात सुनेनं केलेलं हे पहिलं. तिची आई गेली तेव्हापासून तिच्या मनात होतं."

साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस असा माझा एकादशीचा उपास. मी पिशवीतून दंडाला बांधायचा पट्टा काढला.

सरोजची मुलगी खुशबू एकवीस वर्षांची. तिने उत्साहाने बाही वर केली, तर मांजींनी हात आडवा घातला. "हिचं नाही घ्यायचं, बहनजी. हिच्यासाठी स्थळं बघतो आम्ही. उद्या कुणी म्हणेल, रक्तात दोष निघाला." जनुकं प्रत्येकाची थोडीफार वेगळी असतात, त्याला कुणी दोष म्हणत नाही, असं अनघाने सांगून पाहिलं. मांजींनी नीट ऐकून घेतलं आणि हात होता तिथेच ठेवला.

सरोजचं रक्त मी आतल्या खोलीत घेतलं. जांभळ्या झाकणाची नळी जनुकांसाठी, लाल झाकणाची चरबीसाठी. सुई काढून कापूस दाबला तेव्हा तिने दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? जेवणाच्या दिवशी कधी कधी इथे दुखतं." उजव्या बरगडीखाली तिने बोट ठेवलं. "मग पाठीत जातं, खांद्यापर्यंत. तास-दोन तास. माझ्या आईला असंच व्हायचं. सगळे वायगोळा म्हणायचे. त्यातच गेली, अठ्ठेचाळीसची होती."

"घरात सांगितलंस?"

"सांगितलं तर तप थांबवतील. तीनच हफ्ते आहेत. तुम्ही असं करा ना, रिपोर्ट बघून मला सांगा. खराब आला तर मी तुमच्या सोनोग्राफीला येईन, वचन देते. चांगला आला तर पारण्यानंतर बघू."

सोनोग्राफी आमच्या कामात होतीच. पण ते यंत्र गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याने एका जागी बांधलेलं. ते गावोगाव नेता येत नाही, माणसांनाच शहाद्यातल्या केंद्रावर आणावं लागतं. सरोजला तीन दिवसांनंतरची वेळ दिलेली होती. मला तिची अट रास्त वाटली. अनघाला यातलं काही सांगितलं नाही, कारण सरोजने विश्वासाने सांगितलेलं, आणि रिपोर्ट तर मीच करणार होते.

त्याच दुपारी मी तिची चरबी तपासली. इतका सुंदर रिपोर्ट माझ्या हाताखालून क्वचितच गेला असेल. वाईट कोलेस्टेरॉल तर नावालाच. मला इतका आनंद झाला की मी कागद घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "सरोज, रिपोर्ट कसला, आरसा आहे आरसा. असं रक्त असलेल्या बाईला काही होत नसतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मांजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, खुशबूने आईला मिठी मारली. सरोजने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे खांदे सैल झाले. मला तूप लावलेला फुलका आणि गट्ट्याची भाजी वाढण्यात आली. मी दोन फुलके जास्तच खाल्ले.

तोरणमाळ

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगर चढलो. घाट असा की एका वळणावर दरी उजवीकडे, पुढच्या वळणावर डावीकडे, आणि मी प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला सरकत होते. भटूदादा एका हाताने गाडी वळवत बोलत होते. "वर गयात का मोबाईल मुका व्हई जास, ताई. घरले फोन कराना व्हई ते आतेच करी ल्या." मला कुणाला फोन करायचा नव्हता. म्हणजे, तेव्हा असं वाटत होतं.

वर हवा खालच्यापेक्षा हलकी आणि गार. घराघरांपुढे कातळावर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. त्याचा आमचूर होतो. आमच्याकडे आमचूर डबीतून येतो. तो कुणीतरी एकेक कैरी सोलून करतं, हे मी साठाव्या वर्षी पाहिलं. एका फोडीला हात लावला तर बाजूच्या बाईने मूठभर उचलून माझ्या ओंजळीत ओतल्या.

आमच्यासाठी लोक जमवले होते जमनाताईंनी. त्या तिथल्याच, आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या. घरी पावरी बोलायच्या, आमच्याशी मराठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चाळीसेक माणसं अंगणात बसलेली पाहून मी खूश झाले. सवयीने पहिल्या बाईला विचारलं, काही खाल्लंय का. जमनाताईंनी विचारलं, बाई बराच वेळ बोलली.

"मक्याची भाकर, उडदाची डाळ," जमनाताई म्हणाल्या. "आणि कोंबडी."

"सकाळी सातला कोंबडी?"

"ताई, मी सांगितलं होतं उपाशी यायचं म्हणून. म्हाताऱ्यांनी ऐकलंच नाही. ते म्हणाले, रक्त काढणार आणि वरून उपाशी ठेवणार, हे कुठलं डॉक्टर? ज्याचं रक्त जाणार त्याला आधी पोटभर घालतात आमच्यात. काल संध्याकाळीच ठरलं. ज्याच्या घरी कमी होतं, त्याला शेजारच्यांनी दिलं."

चाळीसच्या चाळीस माणसं माझ्याकडे समाधानाने पाहत होती. छत्तीस वर्षं मी लोकांना उपाशी बोलावलं, पण त्यांचं रक्त मी घेतेय म्हणून त्यांना कुणी जेवू घातलं का, हे कधी विचारलं नव्हतं. मला रागच येईना. जांभळ्या नळ्या भरून घेतल्या. माणूस जेवला म्हणून त्याची जनुकं काही बदलत नाहीत. लाल नळ्या तशाच राहिल्या.

उपाय जमनाताईंनीच काढला. मोहाची फुलं पडायचा काळ होता, आणि ती वेचायला सगळं गाव तांबडं फुटताना, काही न खाता, झाडाखाली जातं. "तुम्हीच तिथे या," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फाची पेटी घेऊन मोहाखाली बसलो. जमीन पिवळसर फुलांनी भरलेली, हवेला गोड, जडसर वास. बायका टोपली खाली ठेवायच्या, हात पुढे करायच्या आणि रक्त दिलं की पुन्हा वेचायला वाकायच्या. एका म्हातारीने एक फूल तोंडाशी नेऊन माझ्याकडे परवानगीसाठी पाहिलं. मी मानेने नाही म्हटलं. तिने ते माझ्याच हातावर ठेवलं आणि हसली.

त्या संध्याकाळी तळ्याच्या काठी बसलो असताना मी अनघाला सरोजच्या रिपोर्टाची बढाई मारली. तिने आकडे विचारले. मी सांगितले. ती जराशी सावरून बसली.

"आणि सोनोग्राफी?"

"आज होती. पण ती येणार नव्हती, रक्त चांगलं आहे म्हटल्यावर." आणि मग, का कोण जाणे, मी सगळंच सांगून टाकलं. बरगडीखालचं दुखणं, खांदा, आई.

अनघाने मला अगदी शिकाऊ डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं. काही माणसांच्या जनुकांत असा फरक असतो की त्यांचं यकृत कोलेस्टेरॉल रक्तात फार ठेवतच नाही. ते उचलून पित्तात टाकत राहतं. म्हणून रक्त छान दिसतं. "दुकान रोज लख्ख झाडायचं आणि कचरा मागच्या बोळात लोटायचा, तसं. गिऱ्हाइकाला दुकान स्वच्छ दिसतं. बोळ तुंबतो." त्यात लांबलांब उपास असले की पित्ताशयाला पिळून रिकामं व्हायचं कारणच मिळत नाही, पित्त साठून घट्ट होतं. "तिच्यात तोच फरक आहे की नाही, मला आज सांगता येणार नाही, जनुकांचं उत्तर यायला महिने लागतील. पण शैलाताई, कमी कोलेस्टेरॉल म्हणजे खडे नाहीत, असं होत नाही. कधी कधी उलटं असतं. ज्या तऱ्हेचं ती सांगते, तसं दुखणाऱ्याला आधी सोनोग्राफीला पाठवायचं. रक्ताचा कागद तिथे कामाचा नाही."

मी फोन काढला. मुका होता. तळ्याभोवती हात वर करून मी अर्धा तास फिरले. एक गुराखी माझ्याकडे पाहून थांबला आणि मग त्यानेही कौतुकाने आकाशाकडे पाहिलं. मला मात्र सरोजचे ते सैल झालेले खांदे दिसत होते. माझे स्वतःचे अकरा खडे कपाटात असताना मी दुसऱ्या बाईला खडे नाहीत असं सांगून आले होते. फार लाज वाटली.

कळसाडी

पहाटेच उतरलो. वाटेत रेंज आली तेव्हा सरोजचा फोन कुणी उचलला नाही. तिच्या घरी पोचलो तर दुकानातला माणूस भटूदादांना म्हणाला, "त्या कळसाडीले गयात. आबाना वावरमा ऊस देखाले." पारण्याचा ऊस आधी जाऊन, पाहून, सांगून ठेवायचा, अशी मांजींची पद्धत. खुशबूलाही बरोबर नेलं होतं.

कळसाडी म्हणजे कापूस आणि ऊस. कापूस उपटून झाला होता, काळी ढेकळं उघडी पडली होती. उसाची शेतं तेवढी हिरवी. आमच्याकडचा ऊस सरळ कारखान्यात जातो, त्याच्याकडे कुणी वर मान करून बघत नाही. इथे मांजी बांधावर उभ्या राहून एकेक कांडं न्याहाळत होत्या आणि हिंमतआबा, त्या शेताचे मालक, बहिणीला ओवाळणी घालावी तसे खुशीत होते.

"मांजी, यंदा ऊस भलता गोड शे," आबा सांगत होते. "आखाजीले मी सोता लई येसू, पहाटे तोडीसन."

सरोज विहिरीजवळच्या दगडावर बसली होती. जेवणाचा दिवस होता. निघताना घरच्यांनी प्रेमाने दाल-बाटी करून, तुपात बुडवून खाऊ घातली होती. मी जवळ गेले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि उजवा हात बरगडीखाली दाबलेला. मला पाहून ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "ताई, आरसा ना?"

मी तिथेच खाली बसले. "नाही, सरोज. मी चुकीचं सांगितलं." मग मांजींकडे वळून मी सगळं सांगितलं, अगदी तिने गुपित म्हणून सांगितलेलंही. "तुमच्या सुनेनं मला विचारलं होतं, आणि मला माहीत नसताना मी खात्रीनं उत्तर दिलं. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता मांजी मला चार शब्द सुनावतील आणि मग त्या हट्टी म्हातारीची समजूत घालण्यात दिवस जाईल. पण त्या सुनेकडे बघत होत्या. तेवढ्यात सरोजला मोठी कळ आली आणि ती वाकली. मांजींनी ऊस हातातून टाकला.

"आबा, पहिलं पोरीले गाडीमा बसाडा," त्या म्हणाल्या.

शहाद्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, त्याची भिंत सुजलेली, एक खडा तोंडाशी अडकलेला. अनघाचा चेहरा मी वाचू शकते. तिने थांबायचं नाही असं ठरवलं होतं. उन्हं उतरायच्या आत आम्ही नंदुरबारला एका सर्जनकडे होतो. त्यांनी सलाईन, इंजेक्शनं सुरू केली आणि सांगितलं, उद्या दुपारी ऑपरेशन. पारण्याचं ऐकून ते म्हणाले, अठरा दिवस थांबलात तर मी जबाबदारी घेणार नाही. पित्ताशय फुटू शकतं.

सरोजने डोळे मिटून ऐकलं. "उद्या उपास आहे," एवढंच म्हणाली.

नंदुरबार

सकाळी मी लवकर गेले. रात्रभर मांजी स्टुलावर बसून होत्या म्हणे, पाठ अजून ताठच. सरोजची कळ ओसरली होती आणि तीच पंचाईत होती. दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, गेलं. ती उठून बसली, हात जोडले.

"मांजी, पच्चक्खाण द्या."

पच्चक्खाण म्हणजे त्या दिवसाच्या उपासाचा नेम. रोज सकाळी वडीलधाऱ्याने तो म्हणायचा आणि घेणाऱ्याने हात जोडून ऐकायचा. घरी साध्वीजी नसतील तेव्हा तो मांजीच देत. एकदा घेतला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दिवसाचं ते उकळलेलं पाणी सोडून काही नाही, ना औषधाची गोळी, ना सलाईन. सर्जनची नर्स हातात कागद घेऊन दारात थांबली होती. खुशबू भिंतीला टेकून रडत होती. मी काय बोलणार, माझं बोलणं एकदा ऐकून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"बेटा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना," मांजी म्हणाल्या.

"ऐकलं. आईसाठी म्हणून धरलंय, मांजी. तेरा महिन्यांत एक दिवस चुकले नाही. आता मोडलं तर मी तिला काय सांगू?"

मांजींनी हात जोडले आणि म्हणायला सुरुवात केली. ती प्राकृत ओळ मला कळत नव्हती, पण लय कळत होती. वर्षानुवर्षं म्हणून गुळगुळीत झालेली. आणि शेवटाजवळ येऊन मांजी थांबल्या. अडखळल्या नाहीत, थांबल्या. मागचा शब्द त्यांनी पुन्हा एकदा सावकाश म्हटला, स्वतःलाच ऐकवल्यासारखा.

"सरोज, याचा अर्थ ठाऊक आहे तुला?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"हे आगार आहेत. सूट. नेम देतानाच सांगतात, कुठे कुठे सोडायला मुभा आहे ते. हा शेवटचा आगार आजारासाठी. दुखण्यानं जीव ठिकाणावर राहत नसेल, तर औषध घ्यावं, नेम मोडत नाही." त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. "तेरा महिने रोज सकाळी मी तुला हे म्हणून दाखवते. ज्यांनी हा नेम बांधला, त्यांनी तुझा विचार आधीच केला होता. मीच कधी थांबून ऐकलं नाही. तुझ्या आईला हे सांगणारं कुणी भेटलं नसेल. तुला मी आहे."

सरोजने जोडलेले हात सोडले आणि नर्सकडे कागद मागितला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण साठीच्या बाईने दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीवर असं रडणं बरं दिसत नाही.

आखाजी

मी मुक्काम वाढवला. घरी फोन करून सांगितलं, आंबे उतरवून घ्या, मी येतच नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे हळदीकुंकू, पन्हं आणि आमरस, संपलं. खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. माहेरी आलेल्या मुली कडुलिंबाच्या झाडांना बांधलेल्या झोक्यांवर उंच जात होत्या. एकीने मलाही बसवलं. मी दोन झोक्यांत खाली उतरले, पण बसले होते हे नोंदवून ठेवते.

सरोजच्या घरी सकाळीच गेले. ती गादीवर लोडाला टेकून बसली होती, थोडी फिकी, पण कळ गेलेल्या माणसाचा चेहरा वेगळाच दिसतो. तिचं पारणं नव्हतं. राहिलेले उपास पुढे डॉक्टरांना विचारून करायचे की नाही, ते तिने अजून ठरवलं नव्हतं, आणि मांजींनी विचारलंही नव्हतं. तरी आबा बोलल्याप्रमाणे पहाटे ऊस तोडून घेऊन आले होते. रसाचं भांडं ओल्या फडक्याने झाकून ठेवलेलं. शेजारी कोनाड्यात एक छोटी बाटली, तिच्यात मुगाएवढे खडे, चारपाच त्याहून मोठे. मी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं त्या बाटलीकडे पाहिलं.

"माझे अकरा होते," मी म्हणाले.

"माझे मोजलेच नाहीत," सरोज हसली.

सगळे येऊन बसले, पण रसाला कुणी हात लावेना. मांजी माझ्या पिशवीकडे पाहत होत्या. "नळ्या आणल्यात, बहनजी? फोनवर सांगितलं होतं मी."

आणल्या होत्या, पण मला वाटलं होतं, सरोजच्या तपासणीसाठी असतील. मांजींनी खुशबूला पुढे बोलावलं, आपल्याशेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने तिची बाही वर सरकवली. "कालच्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंब नाही घेतला पोरीनं. हिचं घ्या. आणि हिची ती सोनोग्राफी पण लावून द्या."

"स्थळं?" मी विचारलं.

"तिच्या नानीची आणि आईची गोष्ट मीच सांगेन येणाऱ्यांना. ऐकून जो उठून जाईल, त्याच्या घरी नाही द्यायची पोर."

मी पट्टा बांधला. माझा हात थरथरेल असं वाटलं होतं, पण शीर पहिल्या टोचणीत सापडली. जांभळी नळी भरली, मग लाल. कापूस दाबून धरला. मांजींनी रसाचा पहिला ग्लास भरून नातीच्या हातात दिला. तिने तो आईच्या ओठांना लावला, आणि उरलेला एका दमात संपवला.

मी नळ्या पेटीत ठेवत होते, तेव्हा सरोजने गादीवरून माझ्या मनगटाला धरलं.

"ताई, हिचा रिपोर्ट चांगला आला," ती म्हणाली, "तरी मला सोनोग्राफी झाल्यावरच सांगा."